प्रयुक्त म्हणून पप्पा

दहावीला मला गरजेपेक्षा जास्त मार्क पडले आणि तिथूनच सगळं बिघडलं. बेताचे पडले असते तर पुढे मी काय शिकणार याची कुणी चौकशीही केली नसती. पण निकाल लागला त्या संध्याकाळी पप्पांनी खडकीतल्या आमच्या क्वार्टर्समध्ये दारोदार पेढे वाटले, आणि प्रत्येक पेढ्याबरोबर "सायन्सला जाणार" हेही वाटून टाकलं.

पप्पा दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासनीस होते. तयार माल बाहेर पडण्याआधी मोजायचा, तोलायचा, उलटसुलट करून बघायचा आणि मनासारखा असेल तरच शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. आजोबा त्याच कारखान्यात हमाल होते. हमालाचा मुलगा तपासनीस झाला, आता तपासनिसाची मुलगी इंजिनिअर होणार, असं तीन मजली घर पप्पांच्या डोक्यात बांधून, रंग देऊन तयार होतं. फक्त मी तिथे राहायला जायची बाकी होते.

मला मानसशास्त्र शिकायचं होतं. आमच्या जिन्यातली माणसं बोलतात एक आणि करतात दुसरंच, हे मी लहानपणापासून बघत होते. याचं चक्क पाठ्यपुस्तक निघालंय आणि ते अकरावीतच वाचायला मिळतं हे कळल्यावर मला ते वाचावंसं वाटलं. याहून उदात्त कारण माझ्याकडे नव्हतं.

लपवाछपवीचा प्रश्नच नव्हता, कारण ऑनलाइन अर्जाचा ओटीपी पप्पांच्या मोबाइलवर यायचा. मी मम्मीच्या देखत स्वच्छ सांगितलं, "पप्पा, मी सायकॉलॉजी घेतेय."

"घे की," पप्पा म्हणाले आणि त्यांनी ओटीपी वाचून दाखवला.

मला वाटलं, पप्पा केवढे बदलले! त्यांचा हिशोब मला नंतर कळला. बायोलॉजी, झूऑलॉजी, टेक्नॉलॉजी: ज्याच्या शेपटाला लॉजी, ते सायन्स. प्रवेशाची पावती हातात आली तेव्हा तिच्यावर 'शाखा: कला' असं छापलं होतं. पप्पांनी ती वाचली, उलटी करून मागची कोरी बाजू पाहिली, पुन्हा सुलटी केली. मग ओरडतील म्हणून मी अंग चोरून उभी राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते मम्मीकडे वळले आणि शांतपणे म्हणाले, "तिला सांग, पेढे मी वाटले होते."

हे पहिलं 'तिला सांग'. त्यानंतर पप्पा माझ्याशी बोलले नाहीत. म्हणजे बोलायचे, पण मम्मीमार्फत. आमचं घर दोन खोल्यांचं. त्यात कुणापासून दूर बसायचं म्हटलं तरी बसता येत नाही. मी हाताच्या अंतरावर असायचे आणि पप्पा मम्मीला म्हणायचे, "तिला सांग, पंखा बंद कर." सुरुवातीला मम्मी इमानदारीने निरोप पोचवायची. नंतर नुसतं "ऐकलंस ना?" म्हणू लागली. शेवटी शेवटी फक्त भुवई उचलायची. जेवताना कॉलेजचा विषय निघाला रे निघाला की पप्पा घास तोंडात घालायच्या आधीच म्हणायचे, "तिला सांग, मीठ दे." त्या काळात पप्पांनी एवढं मीठ खाल्लं की मला त्यांच्या ब्लडप्रेशरची काळजी वाटायची.

हे आता हसत सांगतेय, पण तेव्हा मला ते फार लागायचं. पप्पा आणि मी बोलणारी माणसं होतो. रविवारी विहारातून परत येताना पप्पा मला कारखान्यातल्या गोष्टी सांगायचे, मी वाट्टेल ते प्रश्न विचारायचे, आणि एखादा आवडला की ते रस्त्यात थांबून "चांगला प्रश्न" म्हणायचे. आता रविवारी ते चार पावलं पुढे चालायचे आणि मी त्यांच्या पाठीकडे बघत मागून यायचे. कला शाखा त्यांना कधीच पटली नाही तरी चालणार होतं. त्यांनी मला एकदा हाक मारावी, एवढंच मला हवं होतं.

घरात मौन आणि जिन्यात गलबला, अशी परिस्थिती होती. मानसशास्त्र घेतलंय म्हटल्यावर प्रत्येकजण वाटेत अडवून एकच प्रश्न विचारायचा. शेजारच्या काकूंनी तर गॅलरीत कपडे वाळत घालता घालता माझी तोंडी परीक्षाच घेतली.

"सांग बघू, आत्ता माझ्या मनात काय आहे?"

"काकू, मन अजून आलं नाही. आम्ही सध्या डोळा आणि कान करतोय."

"मग फी कसली घेतात?"

खालच्या मजल्यावरचे एक काका मला पाहिलं की मोठ्याने म्हणायचे, "चला, आता येरवड्याला जायला नको, जिन्यातच सोय झाली!" हे ते दर वेळी पहिल्यांदाच सुचल्यासारखं म्हणायचे आणि दर वेळी स्वतःच हसायचे. पप्पा तेव्हा बाजूला असले तर बुटाची लेस बांधायला वाकत.

कॉलेजात मात्र मी सुखात होते. आमच्या मॅडम शनिवार पेठेतल्या. त्यांच्या बोलण्यात एकही शब्द जास्तीचा नसायचा, आणि जो असायचा तो वर्मी बसायचा. पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं, हा विषय का घेतलात? मागच्या बाकावरून एकीने उत्साहाने सांगितलं, "मॅडम, मला लोकांची मनं वाचायची आहेत."

"आधी पुस्तक वाचा," मॅडम म्हणाल्या. "ते सोपं असतं आणि ग्रंथालयात मिळतं."

मी पुस्तक वाचलं आणि वाचलेलं सगळं घरी नेलं. नव्या विळीला धार असते तशी नव्या ज्ञानाला असते, दिसेल ते चिरावंसं वाटतं. मम्मी चिडून पोळी जोरात लाटायला लागली की मी म्हणायचे, "याला विस्थापन म्हणतात. राग एकावर, काढायचा दुसऱ्यावर." मम्मी म्हणायची, "लाटणं हातात आहे तोवर त्या पोळीवरच निघू दे." अभिसंधानाच्या धड्यात घंटा वाजली की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं हे वाचून मला अजिबात नवल वाटलं नाही. आमच्या क्वार्टर्समध्ये कारखान्याचा भोंगा झाला की घरोघर चहाची पातेली गॅसवर चढत. नवऱ्याची सुट्टी असली, तो घरात पाय पसरून टीव्ही बघत असला, तरी चढत.

पुढचा धडा बक्षिसाचा होता. केलेल्या वर्तनाला बक्षीस मिळालं की ते वाढतं, न मिळालं की ते हळूहळू बंद पडतं. उंदीर कळ दाबतो, दाणा पडतो, म्हणून उंदीर पुन्हा कळ दाबतो. मी तो धडा वाचता वाचता उंदराच्या जागी पप्पांना बसवलं.

योजना सरळ होती. संध्याकाळचा चहा मी करायचे. पप्पांनी माझ्याशी थेट बोलावं, आल्याचा चहा मिळेल. "तिला सांग" म्हणाले, तर काही मिळणार नाही. मम्मीला मी पढवून ठेवलं होतं की मध्ये पडायचं नाही. भोंगा झाला, पप्पा आले, मोजे काढले.

"तिला सांग, चहा टाक."

मी पुस्तकातून डोकं वर काढलं नाही. मम्मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली. पप्पांनी थोडी वाट पाहिली आणि तांब्याभर पाणी पिऊन पेपर उघडला. दुसऱ्या दिवशी तेच. मला वाटलं, आता उंदीर कळ दाबणार. तिसऱ्या दिवशी पप्पा उठले, स्वयंपाकघरात गेले आणि आतून आलं ठेचल्याचा आवाज आला. बाहेर आले ते दोन कप घेऊन. एक त्यांचा, एक मम्मीचा. मम्मीने एक घोट घेतला आणि तिचा चेहराच बदलला.

"अहो! एवढी वर्षं झाली लग्नाला, सांगितलं नाहीत कधी, एवढा चांगला चहा येतो तो!"

झालं. त्या दिवसापासून संध्याकाळचा चहा पप्पा करू लागले. मम्मी रोज कौतुक करायची, पप्पा रोज आलं ठेचायचे. पुस्तकात लिहिलेलं सगळं अक्षरशः खरं ठरलं, फक्त त्यात मी कुठेच नव्हते. वर मला स्वतःच्या चहाचा कप स्वतः विसळून, पातेल्यात उरलेला गाळून घ्यावा लागायचा.

मी मॅडमना ही हकिकत 'एका घरात असं झालं' म्हणून सांगितली. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं.

"बक्षीस कशाला म्हणायचं ते प्रयोग करणाऱ्याने ठरवायचं नसतं. तुम्हाला वाटलं, चहा. त्या गृहस्थांना चहा नकोच होता. त्यांना हार मानायची नव्हती." मग चष्मा वर सरकवत त्या म्हणाल्या, "कन्येवर गेलेले दिसतात."

जानेवारीत प्रात्यक्षिक परीक्षा आली. ज्याच्यावर प्रयोग करायचा त्या माणसाला मानसशास्त्रात प्रयुक्त म्हणतात. वर्गातल्या मुलींना सगळे प्रयोग पाठ, म्हणून प्रत्येकीने आपला प्रयुक्त घरून आणायचा, आणि तो कोरा हवा, ही आमच्या कॉलेजची रीत होती. माझ्या प्रयुक्त शेजारच्या काकू. त्यांनी साडीला इस्त्रीसुद्धा करून ठेवली होती. आणि आदल्या दिवशी दुपारी त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"हे बघ, मी काही येत नाही. ग्रुपवर आलंय, शब्द विचारून विचारून आतलं सगळं बाहेर काढतात म्हणे."

"काकू, तसं काही नसतं. फार तर टेबल, खुर्ची असे शब्द असतात."

"आणि सासू विचारलं तर?" काकू कुजबुजल्या. "मी पटकन बोलून गेले तर? चारचौघांत?"

मी म्हटलं, बाहेर काही जात नाही, नाव लिहीत नाहीत. काकू म्हणाल्या, त्यांना नाव लिहायची गरजच काय, आवाज खालपर्यंत जातो माझा. त्या गेल्या. मम्मी चालणार नव्हती. तिच्याच समोर मी महिनाभर सराव केला होता, तिला शब्दांची यादी माझ्यापेक्षा चांगली पाठ होती. प्रयुक्त नाही म्हणजे परीक्षा नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन रडायला लागले.

संध्याकाळी पप्पांनी चहा आणला तेव्हा मम्मीने कप घेतला, कौतुक केलं नाही, आणि म्हणाली, "उद्या तुम्हाला सुट्टी आहे. तिच्याबरोबर कॉलेजला जा. परीक्षेला माणूस पाहिजे."

"तिला सांग, मी तिथे काही बोलणार नाही."

"मी काही सांगणार नाही," मम्मी म्हणाली. "इतके दिवस सांगितलं. माझी ड्यूटी संपली."

पप्पांनी चहा संपवला. मग उठून त्यांनी चपलांच्या खणातून काळे बूट काढले आणि पॉलिश करायला बसले. मुलीचं शिक्षण एक वेळ त्यांना मान्य नसेल, पण परीक्षा बुडवणं हे त्यांच्या रक्तात नव्हतं.

सकाळी बसमध्ये ते माझ्या पुढच्या सीटवर बसले. कॉलेजच्या फाटकात ही गर्दी, जणू कुणाचं तरी लग्न आहे. कुणी आत्या आणली होती, कुणी शिकवणीचे सर, एकीने तर भाडेकरू आणला होता. सगळेजण आपण वेडे ठरणार का, या काळजीत उभे होते. मी चिठ्ठी उचलली. शब्द-साहचर्य. मी एकेक शब्द म्हणायचा, प्रयुक्ताने त्यावर सुचेल तो पहिला शब्द सांगायचा, आणि मध्ये किती वेळ गेला तो मी स्टॉपवॉचवर मोजायचा. म्हणजे नेमकं बोलण्याचंच काम.

पप्पा खुर्चीवर बसले आणि सवयीने पाहणी सुरू केली. टेबल हलवून पाहिलं, ते डुगडुगलं. स्टॉपवॉच हातात घेऊन कानाला लावलं.

"हे शेवटचं कधी तपासलं होतं?" त्यांनी मॅडमना विचारलं.

"घड्याळ ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. "आता आपल्याला तपासू."

मी पाठ केलेल्या सूचना म्हणायला सुरुवात केली. प्रयुक्ताला अहो-जाहो करायचं असतं. "मी आता आपल्याला काही शब्द एकेक करून सांगेन. प्रत्येक शब्द ऐकल्याबरोबर आपल्या मनात जो पहिला शब्द येईल तो एका शब्दात सांगा. यात बरोबर किंवा चूक असं काही नाही."

पप्पा मॅडमकडे वळले. "मॅडम, तिला सांगा, बरोबर-चूक नाही तर मार्क कसले देणार?"

मी जमिनीकडे बघितलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"प्रयुक्ताने प्रयोगकर्त्याशीच बोलायचं असतं. मी इथे नाहीच असं समजा."

"तुम्ही तर समोर आहात."

"नियम आहे," मॅडम म्हणाल्या आणि पुन्हा लिहायला लागल्या.

नियम म्हटल्यावर पप्पांचा इलाज खुंटला. ते ताठ बसले आणि माझ्या डोक्यावरून, मागच्या फळ्याकडे बघू लागले.

"टेबल," मी म्हटलं.

"डुगडुगतं."

"आग."

"वाळू." कारखान्यात जागोजागी वाळूच्या बादल्या असतात, ते मला रविवारीच केव्हातरी कळलं होतं.

"काडेपेटी."

"जप्त."

"आवाज."

"भोंगा."

"रस्ता."

"खड्डा."

पप्पा छान चालले होते. सगळी उत्तरं खटाखट, मालावर शिक्के मारावेत तशी. माझाही हात बसला. शब्द म्हणायचा, कळ दाबायची, उत्तर आलं की दाबायची, लिहायचं. यादीत साध्या शब्दांमध्ये अधूनमधून भावनेचे शब्द पेरलेले असतात. तिथे माणूस अडखळतो, वेळ वाढतो, आणि ते कशामुळे याची चर्चा नंतर लिहायची असते.

"राग."

पप्पा पहिल्यांदाच अडखळले. फळ्यावरून त्यांची नजर खिडकीकडे गेली, पुन्हा फळ्यावर आली. काटा फिरत होता.

"मीठ," पप्पा म्हणाले.

मॅडमनी मान वर केली. त्यांना त्यातलं काही कळण्यासारखं नव्हतं. मला कळलं. पुढचा शब्द कोणता ते आठवेना. मी कागदाकडे बघितलं. महिनाभर मम्मीसमोर मी तो शब्द बिनदिक्कत म्हटला होता आणि मम्मी दर वेळी "मुलगा" म्हणायची.

"मुलगी," मी म्हटलं.

"तू."

पापणी लवायच्या आत उत्तर आलं. आणि या वेळी पप्पा फळ्याकडे बघत नव्हते.

मी हातातल्या स्टॉपवॉचकडे पाहिलं. काटा शून्यावर होता. कळ दाबायचीच राहून गेली होती.

"वेळ?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, घड्याळ... राहिलं."

"अर्धा गुण गेला. पुढे."

"असं कसं पुढे?" पप्पा उसळले. तपासनीस माणूस. आजवर त्यांनी एक रकाना कोरा सोडला नव्हता. मॅडम तिथे नाहीत हे त्यांनी बहुधा मनापासून समजून घेतलं होतं, कारण ते माझ्यावर डाफरले. "लक्ष कुठे आहे तुझं? नोंद राहिली तर माप पुन्हा घ्यायचं असतं. एवढं शिकवलंय मी तुला. पुन्हा विचार."

इतक्या दिवसांनी पप्पा मला रागावत होते. मी इतक्या आनंदात कधीच नव्हते. मी डोळे पुसले, कळ दाबली.

"मुलगी."

"तू," पप्पा म्हणाले.

"दुसऱ्यांदा दिलेलं उत्तर पहिलं धरता येत नाही," मॅडम म्हणाल्या.

"दोनदा मोजलं, मॅडम," पप्पा म्हणाले. "माल तोच निघाला."

मॅडमनी गुणपत्रिकेत काहीतरी खोडल्याचं मला दिसलं, आणि नंतर पाहिलं तर तो अर्धा गुण परत आला होता.

परत येताना बसमध्ये पप्पा माझ्या शेजारी बसले आणि खडकी येईपर्यंत त्या टेबलाबद्दल बोलत होते. एका पायाखाली पुठ्ठा लावला तरी भागेल, म्हणाले. तुमच्या मॅडमना माणसं तपासता येतात, टेबल येत नाही. मी विचारलं, "तुमच्याकडे माल परत पाठवल्यावर त्याचं पुढे काय करतात?" पप्पा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "चांगला प्रश्न." कला शाखेबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. ती त्यांना आजही पटलेली नाही. नातेवाइकांत "लॉजीचंच काहीतरी करते" असं सांगून ते विषय बदलतात.

घरी मम्मी पानं वाढून वाट बघत होती. "कसं झालं?" तिने कुणाकडेच न बघता विचारलं. आम्ही दोघंही जेवायला बसलो. पप्पांनी पोळीचा तुकडा मोडला, भाजीला लावला, खाल्ला, नीट चावला. मग माझ्याकडे हात पुढे केला.

"मीठ दे गं."

मी मिठाची वाटी दिली. भाजी खरोखरच अळणी झाली होती.